ढिला न केलेला गज

अक्का, नांदेडच्या त्या वाद्यांच्या दुकानातून फोन आला होता. तुमच्याच मोबाईलवर आला. तो आता माझ्याकडे असतो, कारण बंद करायला कुणी धजत नाही. दुकानदार पोरगा नेहमीसारखा घाईत होता. मोठ्या ताईंचं काय ठरलं म्हणाला, व्हायोलिनचा लाकडाचा गज ठेवताय का कार्बन फायबरचा? उरलेला परभणीच्या एका क्लासवाल्यांना हवाय, शुक्रवारी माझा माणूस वसमतच्या स्टँडवर येईल, त्याच्याकडे द्या. मला सांगायचं होतं की मोठ्या ताई गेल्या. तोंडातून निघालं, "विचारून सांगते."

फोन ठेवून मी हळदीच्या ढिगापाशी तशीच बसून राहिले. बाया हळकुंडं निवडत होत्या, त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि परत माना खाली घातल्या. विचारून सांगते म्हणाले खरी. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आपण दोघी जावा. आपल्या कुरुंद्यात जावांची भांडणं चुलीवरून होतात, बांगड्यांवरून होतात, कुणाच्या माहेरच्यांना किती वेळा चहा झाला यावरून होतात. आपलं भांडण व्हायोलिनच्या गजावरून. लोक हसायचे. भाऊजी तर म्हणायचे की या दोघींना एकेक गज देऊन शेतात सोडा, रानडुकरं पळून जातील. तुमचे मालकच ते, तुम्ही त्यांच्याकडे नुसतं बघायचा आणि ते गोठ्याकडे निघून जायचे. आता ते गोठ्यातून बाहेरच येत नाहीत.

मी या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला काय दिसलं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आतल्या खोलीत, मातीचं माळवद पेलणाऱ्या भिंतीलगतच्या खांबावर, एका खुंटीला व्हायोलिनचा गज उलटा टांगलेला होता. टोकाला दोऱ्याचा फास, जड बूड खाली, आणि बुडापासून बोटभर अंतरावर भिंतीला टेकवलेली पितळेची परात. गजाचे केस ताठ ताणलेले. व्हायोलिन मात्र पेटीत, पेटी पलंगाखाली. मला वाटलं घरात काही नवस-बिवस असेल. विचारलं, तर तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "ठेवायला जागा न्हाई म्हनून टांगलाय." जागा नाही! एवढ्या मोठ्या खोलीत, जिथं पोत्यांची थप्पी मावते, तिथं हातभर काडीला जागा नाही. मी नवी नवरी, गप्प बसले. नंतर कधी गप्प बसले नाही ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मला वाजवायला शिकवलंत तेव्हा माझे हात हळदीनं पिवळे असायचे. दुपारी गडीमाणसं जेवून लवंडली की तुम्ही खुंटीवरचा गज काढायचा, राळ फिरवायचा, आणि मला जमिनीवर मांडी घालून बसवून व्हायोलिनची मान माझ्या घोट्यावर टेकवायचा. गजाच्या केसांना हात लावू नको असं शंभरदा सांगितलंत, आणि मी शंभरदा लावला. केस कायमचे पिवळसर झाले. माझे वडील गेले तेव्हा माहेराहून परत आले, तर सगळ्या घरानं माझं सांत्वन केलं. तुम्ही मात्र व्हायोलिन मांडीवर आणून ठेवलंत आणि दार ओढून घेतलंत. मी काय वाजवलं कुणास ठाऊक, रडणंच असेल ते. पण त्या दिवशी मी या घरची झाले, अक्का. सासूबाईंनी ओटी भरली तेव्हा नाही.

वाजवून झालं की मी गज पेटीत ठेवायला जायचे आणि तुम्ही माझ्या हातातून काढून घ्यायचा. स्क्रू फिरवून आणखी ताणायचा आणि परत खुंटीवर. कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा, वाजवून झालं की गज ढिला करायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ताणलेला ठेवला तर दांडी वाकते, एक दिवस मोडते. तुम्हाला हे माझ्याआधी माहीत होतं. तरी तुम्ही तो ताणून टांगायचा. मी म्हणायचे, टांगायचंच आहे तर पळी टांगा, उलथनं टांगा. तुम्ही म्हणायचा, "पळीला ताण न्हाई. ताणलेल्या गोष्टीला आधी कळतं." काय कळतं, ते नाही सांगायचा.

मग जमिनीतून आवाज यायला लागले. तुम्ही या घरात आल्याला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली असतील. पहिल्यांदा मला वाटलं रस्त्यावर कुणी खडीचा ट्रक रिकामा केला. गडगड गेली आणि उतरंडीची भांडी वाजली. सगळा गाव बाहेर. तुम्ही तेवढ्या घाबरलेल्या दिसला नाहीत. ज्याची वाट बघत होता तो पाहुणा शेवटी आला, असा तुमचा चेहरा झाला होता, आणि त्या चेहऱ्याची मला आवाजापेक्षा जास्त भीती वाटली. त्यानंतर सवय झाली. महिन्या-दोन महिन्यांनी जमीन गुरगुरते, लोक अंगणात येतात, मोबाईलवर गावोगावच्या ग्रुपवर "आला का?" "आला" सुरू होतं, मग दूध तापवायला परत आत. साहेब लोक येऊन गेले, घाबरू नका म्हणाले, पत्र्याखाली झोपा म्हणाले. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली झोपून दाखवा म्हणावं एकदा.

आवाज आला की परातीवर गज टणटणायचा. भांड्यांच्या आधी का नंतर यावर आपलं किती वाजलं असेल! तुम्ही म्हणायचा आधी. मी म्हणायचे सोबत. मी तुम्हाला म्हटलं होतं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही फक्त माझ्या डोक्यावरच्या माळवदाकडे बघितलंत, त्या सागाच्या तुळयांकडे आणि त्यांच्यावरच्या हातभर मातीकडे, आणि म्हणालात की मंदे, ब्रह्मराक्षस पाठीमागून येत न्हाई.

या पौषात गज मोडला. माझ्याच हातात मोडला. दुपारची वेळ, मी खालच्या तारेवर लांब गज ओढत होते, आणि टोकापाशी खाड्कन आवाज झाला. केस सुटून माझ्या तोंडावर आले. तुम्ही दारात डाळ निवडत बसला होता. कुणीही माझ्याकडे बघितलं असतं, गजाकडे बघितलं असतं. तुम्ही आधी वर बघितलंत, माळवदाकडे. मग माझ्याकडे. सूप तुमच्या हातातून पडलं होतं आणि डाळ उंबऱ्यापर्यंत गेली होती.

खुंटी रिकामी झाली आणि तुमचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. येता-जाता खांबाला हात लावायचा. त्यात माझी दीपा माहेरी बाळंतपणाला आलेली. फाल्गुनात लेकरू झालं, आणि बाळंतिणीला ऊब पाहिजे म्हणून मीच तिची बाज आतल्या खोलीत टाकली, त्या खांबाजवळ. दुसरी खोली आहेच कुठं? पुढचं सगळं पत्र्याचं. तुम्ही तेव्हा मला एवढंच विचारलं की इथं काहून? मी म्हटलं, मग कुठं, झाडाखाली? त्यानंतर तुम्ही भाऊजींच्या मागे लागून नांदेडला जायचं ठरवलंत. नवा गज आणायला.

दुकानातला तो पोरगा आठवतो ना? मोडका गज हातात घेऊन त्यानं उजेडात धरला, दांडी कमानीसारखी उलटी वाकलेली, केस हळदीचे. हे केस पिवळे कशानं, म्हणाला. मग म्हणाला की ताई, हा कुणी कधी ढिलाच केला नाही का? एवढी वर्षं टिकला कसा हेच नवल. आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खाली बघत उभ्या राहिलो. त्याला काय सांगणार? आमच्या घरी गजाकडून पहारा करून घेतात म्हणून?

त्यानं दोन गज पुढं ठेवले. एक ब्राझीलच्या लाकडाचा, तपकिरी, हातात घेतला की ऊब लागावी असा. दुसरा कार्बन फायबरचा, काळा, उजेडात बारीक जाळी चमकणारा. पोरगा पोपटासारखा बोलत होता. लाकडाचा आवाज गोल येतो, पण हवा बदलली की मिजाज बदलतो, पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, वाजवून झालं की ढिला करावाच लागतो. कार्बनला ऊन नाही, पाऊस नाही, पडला तरी तकलीफ नाही. मग तो हसून म्हणाला की तुमच्यासारख्या विसरभोळ्या लोकांसाठीच आहे हा, महिनोन्महिने ताणलेला ठेवा, काही होत नाही.

मला वाटलं संपलं, आता तुम्ही कार्बनवर झडप घालणार. तुम्ही दुकानाच्या फरशीवर बसलात, तिथलंच एक व्हायोलिन घोट्यावर टेकवलंत, आणि दोन्ही गजांनी तीच ओळ वाजवलीत. गिऱ्हाईकं थांबली होती, अक्का. एका बाईनं मोबाईल काढला. लाकडाचा गज जरा अडखळायचा, मग तार धरायचा, आणि धरली की सोडायचा नाही. कार्बनचा पहिल्यापासून सरळ, स्वच्छ, टोकापासून बुडापर्यंत एकसारखा. मला तोच आवडला. खरं सांगते, अजूनही तोच आवडतो. तुम्ही तो खाली ठेवलात आणि हळू आवाजात म्हणालात, "आवाज चांगलाय गं. पन याला कशाचंच काही वाटत न्हाई."

झालं, तिथंच जुंपली. मी म्हटलं, गजाला कशाला वाटायला पाहिजे, वाजवणाऱ्याला वाटलं की पुरे. तुम्हाला टांगायलाच हवाय ना, मग हाच बराबर आहे, जन्मभर ताणून ठेवा. तुम्ही म्हणत राहिलात, लाकडाचाच घ्यायचा. का, तर घ्यायचा. पोरगा कंटाळला आणि म्हणाला, दोन्ही घरी न्या, पंधरा दिवस वाजवा, मग एक परत पाठवा. दोन्ही ठेवून घेऊ असं मी म्हटलं तर त्यानं मान हलवली, एक आधीच दुसऱ्यांना कबूल केलेला.

परतीच्या एसटीत तुम्हाला खिडकी मिळाली. मांडीवर दोन्ही गजांचं लांबट पुडकं होतं. नांदेड मागं पडलं, आणि तुम्ही एकदम शकूचं नाव काढलंत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीचं नाव माझ्यासमोर घेतल्याचं मला आठवत नाही. तुमचं माहेर त्या बाजूचं, जिथं एका पहाटेच्या भूकंपात गावंच्या गावं गेली, एवढं आम्हाला माहीत होतं. माहेरचं कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्या मामांनी लग्न लावून दिलं, एवढं माहीत होतं. विचारायची कुणाची छाती नव्हती.

तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगत होता. गणपती बुडवायचा दिवस होता, तुम्हाला तालुक्याच्या गावी वाजवायला बोलावलं होतं. संध्याकाळी निघायच्या आधी तुम्ही साडी नेसत होता. व्हायोलिन बाजेवर उघडं. आणि तारा वाजल्या. कुणी हात न लावता वाजल्या, बारीक, डास गुणगुणतो तशा. शकू बाजेपाशीच उभी होती.

"मी तिच्या मुस्काडात मारली," तुम्ही म्हणालात. "म्हटलं, हात लावू नको म्हनून किती बार सांगितलं. ती रडत म्हनली, अक्का, मी न्हाई लावला, आपोआप वाजून राहिलं. मी ऐकलंच न्हाई गं मंदा. पेटी घेऊन मी निघून गेले."

मी तुमचा हात धरला. वसमत यायला आलं तेव्हा तुम्ही डोळे पुसले आणि पहिल्यासारख्या झालात, आणि मी, मूर्ख बाई, तुम्हाला हसवायचं म्हणून परत गजाचाच विषय काढला. म्हटलं, अक्का, लाकडाचा घेतला तर रोज ढिला करायची कटकट. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "कटकटच पायजे. रोज ढिला करावा लागला पायजे."

मला वाटलं, दुखात माणूस काहीही बोलतं.

घरी आल्यावर तुम्ही दोन्ही गज पेटीत ठेवलेत, ढिले करून. खुंटी रिकामीच ठेवलीत. मला वाटलं दुकानाचा माल आहे, मोडायला नको म्हणून सांभाळताय. त्या दिवसांत तुम्ही निवांत होता, हे मला आता आठवतं. दीपाच्या बाजेवर बसून लेकराला मांडीवर घेऊन तेल लावायचा, त्याच्या नाकावरून हसायचा, नाक आमच्या घरचं आणि कान डोंगरकड्याच्या सासरचे म्हणून जावयाला चिडवायचा. वर बघत नव्हता. मग ती सकाळ. चहाचा कप तुमच्या हातातच होता, आणि तो सांडलासुद्धा नाही. एवढंच लिहिते.

तेरावं झालं. तुमचा सुनील पुण्याला परत गेला, जाताना म्हणाला, आईचं व्हायोलिन काकूकडेच राहू द्या. पाहुणे पांगले. परवा दुपारी, दुकानदाराच्या फोनानंतर, मी ठरवलं की आता रडत बसण्यात अर्थ नाही, दोन्ही गज वाजवून बघायचे आणि काय ते ठरवायचं. पुढच्या पत्र्याखाली नुसती भट्टी होती, म्हणून आतल्या खोलीतच बसले. दीपा बाजेवर लेकराला पाजत होती. मी आधी लाकडाचा घेतला. मग कार्बनचा. तीच ओळ, तुम्ही दुकानात वाजवलेली. दीपा म्हणाली, आई, काळ्याचा आवाज छान आहे, घे तोच. मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूचं निघालं. मी गज उचलला, तार जुळवायला व्हायोलिनच्या खुंटीकडे हात नेला.

आणि तारा वाजल्या, अक्का.

गज माझ्या हातात हवेत होता. डावा हात तारांपासून लांब. दीपा पलीकडे. आणि माझ्या घोट्यावर, छातीवर, लाकडाच्या पोटातून बारीक गुणगुण आली, तुम्ही सांगितली तशीच. मी बघत राहिले. हातातल्या गजाला काहीसुद्धा कळलं नव्हतं, तो तसाच थंड. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण एवढा गेला की माझ्या मनात आलं, हे शकूनं ऐकलं होतं. मग खालून गडगड आली. परात भिंतीवरून घसरून पडली, उतरंड हलली, आणि माळवदातून मातीची बारीक धार खाली आली, बाजेच्या पायथ्याशी.

मी व्हायोलिन टाकलं. पहिल्यांदा टाकलं आयुष्यात. दीपाला दंडाला धरून ओढलं, ती पदर सावरत, लेकरू तोंडातलं दूध सुटलं म्हणून रडत. अंगणात उभ्या राहिलो. सगळं शांत झालं होतं. समोरच्या घरची माणसं बाहेर आली, हसली, परत आत गेली. फोन वाजायला लागले, आला का, आला. दीपाला धाप लागली होती, पण माझ्याकडे बघून ती म्हणाली, आई, तूच म्हनतीस ना, काही नसतं म्हणून? मी तिला अंगणातच उभं ठेवलं आणि बाज ओढायला आत गेले.

बाज पुढच्या पत्र्याखाली आणली. तासाभरात लेकरू लाल झालं, अंगावर घामोळं उठलं. यांनी गोठ्यातून भाऊजींना बोलावलं आणि दोघांनी बाज परत आत नेली. म्हणाले, आजवर काही झालं नाही, आता काय होतंय. बरोबर आहे त्यांचं. मीच तर हे वर्षानुवर्षं म्हणत आले. सव्वा महिना झाला की दीपा डोंगरकड्याला जाईल, तिथं स्लॅबचं घर आहे. तोवर इथंच.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. तुमचं पोळलेलं होतं. मी नुसती हसणारी होते, ताक पिणारी. आता मी खांबापाशी गेले की हात आपोआप लागतो. भांडं वाजलं की मान वर जाते. पानात जेवण तसंच राहतं.

आणि मग काल पेटी उघडली, ते दोन गज शेजारी-शेजारी ढिले पडलेले बघितले, आणि एसटीतलं तुमचं वाक्य मला समजलं. इतकं साधं होतं ते, आणि मी केवढी बधिर. तुम्हाला पहाऱ्यासाठी गज नकोच होता. पहारा करायचा असता तर कार्बनचाच घेतला असता तुम्ही, तो जन्मभर ताणून राहतो. तुम्हाला लाकडाचा हवा होता, कारण त्याला रोज ढिला करावं लागतं. खुंटीवर टांगता येत नाही. तुमच्यामागे या घरात कुणी ताणून बसू नये, वाजवावं, सैल करावं, पेटीत ठेवावं आणि झोपावं. शकूचं नाव तुम्ही त्यासाठीच काढलंत. माझ्यासाठी, दीपासाठी. तुम्ही ते ओझं एसटीत माझ्या मांडीवर ठेवलंत ते मी उचलावं म्हणून नाही, बघावं आणि टाकून द्यावं म्हणून. हे तुम्ही सरळ का नाही सांगितलंत? आणि मी तरी सरळ कधी सांगितलं, की माझ्या आईनं मला जन्म दिला पण सांभाळलं तुम्ही?

म्हणून आज शुक्रवार. मी ठरवून निघाले. काळा गज कापडात गुंडाळला, परत द्यायला. तुमचा लाकडाचा घरी ठेवायचा. शेवटच्या क्षणी, माहीत नाही का, लाकडाचाही पिशवीत टाकला. वसमतच्या स्टँडवर दुकानाचा माणूस उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होता. मला म्हणाला, कुठला देताय ताई? मी पिशवीत हात घातला. दोन्ही हाताला लागले. एक कोमट, एक थंड. मला दीपाच्या बाजेच्या पायथ्याशी पडलेली ती माती दिसत होती. अजून झाडली नव्हती मी ती.

मी लाकडाचा दिला.

तो माणूस म्हणाला, चांगलं केलं, कार्बनला काही बघावं लागत नाही. मी परतीची गाडी धरली. खिडकी मिळाली, पण बाहेर बघितलं नाही.

तुमचं ऐकलं नाही, अक्का. रागवा. तुमचं बरोबर होतं, हे मला पूर्ण कळलेलं आहे आणि तरी मी उलटं केलं. हेही कळतंय की त्या दिवशी हातातल्या गजाला काही समजलं नव्हतं, समजलं ते तारांना, आणि तारांना समजून तरी शकूचं काय झालं? मला सगळं कळतंय. पण ते लेकरू तुळयांखाली झोपतं आणि मी काहीच टांगायचं नाही, एवढी छाती माझी नाही. तुम्ही होता तोवर मला हसता येत होतं, कारण घाबरण्याचं काम तुम्ही करत होता. त्यासाठी तुमचे उपकार कधी मानले नाहीत. आज मानते.

दिवेलागणीला मी आतल्या खोलीत गेले. परात पुसून भिंतीला टेकवली. गजाच्या टोकाला दोऱ्याचा फास केला, बूड खाली सोडलं, स्क्रू फिरवत गेले, केस ताठ होईपर्यंत, मग आणखी थोडा. दीपा बाजेवरून बघत होती. लेकरू तिच्या कुशीत झोपलेलं.

तिनं विचारलं, "आई, हे काहून टांगून राहिलीस?"

"ठेवायला जागा न्हाई म्हनून," मी म्हणाले.

तिनं खोलीकडे नाही बघितलं, अक्का. माझ्याकडे नाही, गजाकडे नाही. तिनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि आधी वर बघितलं.